अप्पांनी दाखवलेली वानगी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या नौबादच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. भाजीवाला मला बघितलं की सडके टमाटे आपणहून बाजूला काढतो. कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोरांना मी जीवशास्त्र इंग्रजीत शिकवते, दम कानडीत देते आणि खरंच चिडले की मराठीवर येते. मग पोरं गप्प होतात, आता काही खरं नाही म्हणून. तर असंच चिडून मी एकदा एका डॉक्टरीणबाईंना फोनवर नको नको ते बोलले आणि दोन मिनिटांत तोंडघशी पडले. ते कसं झालं ते सांगते. गोष्ट माझ्या वडलांची आहे, माझ्या रागाची तिच्यात नुसती लुडबुड आहे.

वडलांना आम्ही अप्पा म्हणतो. आई आणि ते कमलनगरला राहतात, बसस्टँडच्या मागं, दोन खोल्या आणि पुढं थोडं अंगण. अप्पांनी जन्मभर तिथल्या एका अडत दुकानात धान्य पारखायचं काम केलं. तूर आली, उडीद आला, ज्वारी आली, की दुकानाचा मालक म्हणायचा, "बघा हो." अप्पा एक पोकळ लोखंडी सळई पोत्यात खुपसायचे, थेट बुडापर्यंत, आणि तिच्यातून आलेले दाणे तळहातावर घेऊन बोटानं चाळवायचे. ओल किती, खडा किती, किडलेलं किती, ते तोंडानं सांगायचे. त्यांनी सांगितलेलं सहसा कुणी मोडत नसे.

आमच्याकडं माल बाजारात आणायच्या आधी शेतकरी वानगी आणतो. वानगी म्हणजे रुमालाच्या टोकाला बांधलेले ओंजळभर दाणे. घरातल्या बायकांनी ते पाखडून, निवडून, एकेक दाण्यावरून हात फिरवून तयार केलेले असतात. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. मुलगी दाखवायची असली की तिला पेटीतलं चांगलं लुगडं नेसवतात, तसंच ते. वानगी बघून भाव बोलायचा आणि माल आला की सळई खुपसून खरं काय ते बघायचं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. अप्पा हसून म्हणायचे, "वानगी कधी वाईट नसती बाई. पोतं वाईट असतंय."

आमचं घर आजोबांच्या काळात बौद्ध झालं. त्याआधी आजोबा खळ्यावर लांब उभे राहायचे आणि त्यांनी पसरलेल्या धोतरात वरून धान्य टाकलं जायचं. राशीला त्यांचा हात लागलेला चालत नसे. त्यांचा मुलगा तालुक्यातल्या कुणाच्याही पोत्यात कोपरापर्यंत हात घालत होता. ह्याचं अप्पांना काय वाटायचं ते कधी बोलले नाहीत. पण दुकानात जाताना ते रोज इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे. काम सगळं धुळीचं, तरी पांढराच. संध्याकाळी आई तो सदरा बडवून बडवून धुवायची आणि मला म्हणायची, "तुझ्या बापाला कुणीतरी सांग गं, खाकी रंग बी असतोय म्हणून."

अप्पा कामावरून सुटले आणि दोनएक वर्षांनी त्यांना लघवीतून लाल जायला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईच्या लक्षात आलं तेव्हा म्हणाले, उष्णता झालीय, आणि धन्याजिऱ्याचं पाणी प्यायला लागले. थांबलं की धन्याजिऱ्याला शाबासकी, पुन्हा सुरू झालं की उन्हाला शिव्या. असं सहा महिने चाललं. शेवटी आईनं मला फोन करून दबक्या आवाजात सांगितलं. मी त्याच दिवशी बस पकडून कमलनगरला गेले, अंगणात उभी राहून दोघांनाही यथेच्छ बोलले आणि अप्पांना घेऊन कलबुर्गी गाठली.

दुर्बिणीतून गाठ दिसली. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर, मोठ्या बोरासारखी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो विडीचा. विडी छातीला लागते हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिचं विष रक्तातून गाळून लघवीत उतरतं, तासन्‌तास तिथं साठून राहतं आणि मूत्राशयाचं अस्तर बिघडवतं, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगते. आणि माझा बाप चाळीस वर्षं जेवण झालं की विडी पेटवत होता, माझ्या डोळ्यांदेखत. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गाठ आतून खरवडून काढली आणि तिचे तुकडे तपासायला गेले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई कानडी, वयानं माझ्याहून लहान, केस बॉयकट केलेले. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. गाठीचे तुकडे मेणात बसवून त्यांनी तीन वड्या केल्या होत्या, प्रत्येक बोटाच्या पेराएवढी. त्या वड्यांचे पातळ काप काढून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बाई म्हणाल्या, तीन वड्यांत तीन तऱ्हा आहेत. पहिलीतल्या पेशी मूळ अस्तरासारख्याच, शहाण्या, हळूहळू वाढणाऱ्या. दुसरीतल्या पेशी कातडीसारख्या वागायला लागल्यात. तिसरीत त्या लांबट, दोऱ्यासारख्या झाल्यात आणि खाली स्नायूत घुसल्यात.

मी म्हटलं, "म्हणजे तीन वेगळे कॅन्सर?"

"एकच," त्या म्हणाल्या. "तीन रूपं. आणि उद्या चौथं घेणार नाही याची खात्री नाही."

मला ते पटेना. मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते की पेशी एकदा काय व्हायचं ते ठरवून बसली की मागं फिरत नाही. कातडीची ती कातडीची, स्नायूची ती स्नायूची. मी तसं बोलून दाखवलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, निरोगी पेशी बऱ्यापैकी तुमचं ऐकतात. ह्या ऐकत नाहीत."

त्या हसण्याचा मला राग आला. मनात म्हटलं, मला शिकवतेय.

सर्जननी जे सांगितलं ते सरळ होतं. स्नायूत शिरलंय, तेव्हा मूत्राशय काढून टाकायचं. लघवीला पोटावर वाट करून द्यायची आणि तिथं बाहेरून एक प्लास्टिकची पिशवी चिकटवायची, जन्मभर. हे महिन्याच्या आत व्हायला हवं. उशीर झाला तर पुढं सरकेल, आणि मग काढूनही उपयोग नाही. तारीखही दिली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू." बसनं परतताना हुमनाबादला चहा प्यायला उतरलो तेव्हा एवढंच म्हणाले, "अजून एका जागी दावून घेऊ की. दुसऱ्याची नजर बी बघावी."

मला तेच हवं होतं. त्या बॉयकटवाल्या बाईंचं चुकलं असावं असं मला आतून फार वाटत होतं. हैदराबादेत एक मोठी लॅब माहीत होती. कलबुर्गीच्या दवाखान्यातून त्या तीन वड्या एका छोट्या डबीत घालून आणल्या. पण माझ्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होत्या, मला हलता येईना. अप्पा म्हणाले, "तू कामून जीव काढायलीस? मी अन् तुझी आई जाऊन येतो. हैदराबाद मला नवं हाय का?" ज्या माणसाला दवाखान्याच्या पायरीवर ओढत न्यावं लागत होतं, तो पहाटेची बस धरायला आपणहून तयार झाला. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती. पण मला वाटलं, चला, अक्कल आली.

आठवड्यानं रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. मी स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचला. सौम्य प्रकारचा. स्नायूत शिरल्याचं दिसत नाही. खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. शिपायाला पाठवून पेढे आणवले. कलबुर्गीला फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली, तीही जरा ठसक्यात. अप्पांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "मी म्हणलो नव्हतो का, दुसऱ्याची नजर बघावी." मला त्यांच्या त्या शांतपणाचं केवढं कौतुक वाटलं.

तीन आठवडे आमच्या घरात सण होता. आईनं धपाटे करून पाठवले. मी पोरांवरही चिडले नाही, पोरं बिचारी घाबरून गेली.

पण चिडायचं राहिलं होतं ते कुठंतरी बाहेर पडणारच. एका दुपारी रिकामा तास होता. मी कलबुर्गीच्या त्या बाईंना फोन लावला. म्हटलं, तुमच्या एका चुकीमुळं माझ्या म्हाताऱ्या बापाचं मूत्राशय गेलं असतं. तीन रूपं म्हणे. माणसाच्या जिवाशी खेळता आणि वर हसता. आणखीही बरंच बोलले, ते लिहायची लाज वाटते. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझा दम संपल्यावर त्यांनी विचारलं, "हैदराबादवाल्यांना ब्लॉक, म्हणजे त्या वड्या, किती मिळाल्या, ते रिपोर्टात लिहिलंय का? वरच्या बाजूला असतं बघा."

मी कागद उघडला. पहिलीच ओळ. एक ब्लॉक मिळाला, त्यावरच हा अभिप्राय आहे.

मी जीवशास्त्राची बाई. पोरांना दरवर्षी सांगते, प्रयोगाच्या वहीत आधी नमुना कुठून घेतला ते लिहा, मग निष्कर्ष. आणि मी रिपोर्ट शेवटाकडून वाचला होता. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण त्यासाठी भात एकजीव शिजलेला लागतो.

बाई म्हणाल्या, "मॅडम, मी तुम्हाला चूक म्हणत नाही. आधी बाकीच्या दोन वड्या शोधा. आणि लवकर या." मी सॉरीसुद्धा म्हणाले नाही. फोन ठेवला आणि कमलनगरची बस धरली.

कमलनगरला पोचले तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. माझं तोंड बघूनच तिनं सूप खाली ठेवलं. मी विचारलं, "हैदराबादेत वड्या किती दिल्या?" ती आत अप्पांकडं बघायला लागली. मग उठली, भिंतीतल्या कपाटातून सुपारीची जुनी डबी काढली आणि माझ्या हातात दिली. आत दोन वड्या, कापसात नीट गुंडाळलेल्या.

"मी म्हणले होते, तिन्ही द्या," आई म्हणाली. "तर म्हणले, वानगी एकच दावत असतेत. मग मी गप बसले. मला काय कळतंय त्यातलं. बोलायला पाहिजे होतं, बोलले न्हाई."

अप्पा खाटेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर डबी धरली आणि जे बोलले ते मराठीतच बोलले. म्हटलं, उभा जन्म दुसऱ्याच्या पोत्याच्या बुडाला हात घातलात, लोकांची लबाडी पकडलीत, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा वरचं निवडून दाखवलंत? स्वतःच्याच मुलीला फसवलंत? तीन आठवडे मी पेढे वाटत होते. तीन आठवडे ते आत वाढत होतं.

अप्पांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "तिन्ही उजेडाला धरून बघितल्या. एक जरा साफ दिसली. तीच दिली. म्हणलं, भाव तरी बरा येईल."

मी रडत होते आणि त्या वाक्यानं मला हसूही आलं, त्यामुळं राग आणखीच वाढला. "कामून, अप्पा?" मी विचारलं. "मरायचंय का तुम्हाला?"

"मरायला कोण भ्यायलंय," ते म्हणाले. मग बराच वेळ खाटेच्या पट्टीचा सुटलेला धागा ओढत राहिले. "तुझा आज्जा लांब उभा ऱ्हायचा. त्याला लांब उभा करायचे. मी जवळ गेलो. लोकाच्या मांडीला मांडी लावून बसलो, विहारात पहिल्या रांगेत बसलो. आता पोटावर मुताची पिशवी बांधून फिरलो की वास मारंल. लोक आपणहून सरकतील. अन् ह्या बारीला त्यांचं काय चुकलं म्हणायचं मी?"

हल्ली पिशव्या चांगल्या असतात, वास येत नाही, असं काहीतरी मी बोलले. अप्पांनी मान हलवली, पण ती ऐकून घेतल्याची होती, पटल्याची नव्हती. आई दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कलबुर्गीला गेलो. अप्पा एवढ्यावर तयार झाले होते की वड्या परत द्यायच्या, त्या ज्याच्या त्याला पोचल्या पाहिजेत. ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. लॅबमध्ये मी मान खाली घालून डबी टेबलावर ठेवली. सुपारीचा वास सुटला. बाईंनी डबी उघडली, कापूस बघितला, आणि अप्पांना कानडी-मराठी मिसळून म्हणाल्या, "छान ठेवलंत की अप्पा. आमच्याकडंसुद्धा इतकं जपत नाहीत."

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी राहीन. त्यांनी अप्पांना विचारलं, "तुम्ही धान्य बघायचात ना? या, हे बघा."

त्यांच्याकडं दोघांनी एकदम बघायचा सूक्ष्मदर्शक होता, शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी. अप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि स्टुलावर बसले. बाईंनी आधीच करून ठेवलेल्या काचांतली पहिली लावली. अप्पा बघत राहिले. "नोडी, बघा," बाई म्हणाल्या, "ही तुम्ही हैदराबादला पाठवलेल्या वडीची. एकसारखे दाणे. ओळीत." अप्पा हं म्हणाले. दुसरी काच. अप्पांचा हात नकळत वर आला आणि बोटं हवेत दाणे चाळवल्यासारखी हलली. मी ते बघितलं आणि मला तोंड फिरवावं लागलं. तिसरी काच लावल्यावर त्यांनी डोळा भिंगाच्या आणखी जवळ नेला.

"हे तुरीत अंबाडी मिसळल्यागत दिसायलंय," शेवटी म्हणाले.

"मिसळलंय असं वाटतं ना? जरा डावीकडं बघा. कडेला."

अप्पा वाकले. "थांबा," म्हणाले. "ही अंबाडी न्हाई. ही तूरच हाय. इथं तूर हाय, इथं अर्धी बदललीय, अन् इथं पार अंबाडीसारखी झालीय. एकाच बियाचं हाय हे सगळं."

बाईंनी आपल्या बाजूच्या भिंगावरून डोळा काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे ओळखायला शिकण्यात माझी वर्षं गेली." मग अप्पांना सांगायला लागल्या. मूत्राशय तसंच ठेवून नुसतं औषध सोडलं तर पहिल्या तऱ्हेच्या पेशी मरतील. बाकीच्या औषध बघून आणखी रूप पालटतील, आणि त्या स्नायूत आधीच उतरल्यात.

"लई हुशार म्हणायच्या," अप्पा म्हणाले.

"हुशार कसल्या, अप्पा. अडलेल्या असतात. जगायला जे व्हावं लागेल ते होतात."

अप्पांनी पुन्हा एकदा तिसऱ्या काचेकडं बघितलं. मग चष्मा लावला आणि उठले. "बाई," ते डॉक्टरांना म्हणाले, "माझ्यासमोर कुणी कुरकूर केली की मी म्हणायचो, सळई बुडाला गेलीय, आता भाव कमी आला म्हणून रुसायचं न्हाई. तुमची सळई बुडाला गेलीय. काढा म्हणावं त्या ऑपरेशनवाल्यांना."

मी विचारलं, तीन आठवडे गेले त्यानं काय झालं असेल. बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही." खोटा धीर दिला नाही. मग मी त्यांची माफी मागितली, मराठीतच. त्या म्हणाल्या, त्या दिवशी फोनवर तुम्ही काय काय बोललात त्यातलं निम्मं मला कळलंच नाही, तेव्हा निम्मीच माफी पुरे.

ऑपरेशन झालं. काढलेलं मूत्राशय बाईंनी स्वतः तपासलं, जागोजाग काप घेऊन. कडा साफ निघाल्या. पण बाजूच्या एका लसीकाग्रंथीत त्या लांबट, दोऱ्यासारख्या पेशी पोचल्या होत्या. थोड्याच. त्या तीन आठवड्यांत पोचल्या की आधीच होत्या, हे कुणालाच कळणार नाही. मला मात्र ते रोज वाटतं. अप्पांना नंतर सलाइनमधून औषधं दिली, केस गेले, वजन उतरलं. आता तीन-तीन महिन्यांनी तपासणी असते. परत आलं तर कुठलं रूप घेऊन येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. वर्गात मी आता पेशीचा तो धडा पूर्वीसारखा ठणकावून शिकवत नाही. सहसा असं असतं, म्हणते. पोरं विचारतात, मॅडम, परीक्षेत काय लिहायचं? मी म्हणते, पुस्तकातलं लिहा आणि हे लक्षात ठेवा.

पिशवी बदलायची कशी ते आईनं नर्सकडून शिकून घेतलं. दोनच दिवसांत तिचा हात बसला. मी करायला गेले तर मला हाकललं, "सरक तिकडं, तुला धीर न्हाई." अप्पांचं मात्र बिनसलं ते बिनसलंच. घरात सारखी उदबत्ती. कुणी भेटायला आलं की ते आपली खुर्ची अंगणाच्या पार टोकाला न्यायचे, वारा आपल्याकडून त्यांच्याकडं जाणार नाही अशी जागा बघून बसायचे. दुकानातली जुनी माणसं आली, तेव्हा तर आतच पडून राहिले. आणि विहारात जायचं त्यांनी सोडून दिलं. मी सांगितलं, समजावलं, ओरडले. वास येत नाही हो अप्पा, शपथेवर सांगते. ते म्हणायचे, "तुला येत न्हाई. तू लेक हायस."

परवाच्या रविवारी मी कमलनगरला गेले होते. सकाळी बघते तर अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, आणि आई त्यांच्या काजांत बटणं घालतेय. बोटांत अजून औषधाच्या मुंग्या आहेत त्यांच्या. "चल," मला म्हणाले, "विहारात जाऊन येऊ." मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. पण गप्प राहिले. मला ते जमतं कधीकधी.

विहारात पुढं पुरुष बसतात, एका अंगाला बायका. वंदना सुरू व्हायची होती. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी अप्पांना बघून हात केला, या म्हणून जागा दाखवली. अप्पांनी लांबूनच नमस्कार केला आणि दारात, जिथं लोक चपला काढतात तिथं, भिंतीकडेला खाली बसले. सगळ्यांपासून चार हात लांब. मांडीवर हात ठेवून, पिशवीवर सदरा नीट ओढून.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठणारच होते, भर सभेत काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात माझ्या शेजारून आई उठली. बायकांच्या मधून वाट काढत ती दारापर्यंत गेली आणि अप्पांच्या अंगाला अंग लावून खाली बसली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली असतील, पण चारचौघांत ती त्यांच्या इतक्या जवळ बसलेली मी कधी बघितली नव्हती. सगळ्यांनी वळून बघितलं.

अप्पा हळूच म्हणाले, "इथं कामून आलीस? तिकडं बस जा. वास येईल तुला."

"येऊ द्या," आई म्हणाली. आवाज काही हळू नव्हता तिचा. "तुम्ही गेला असता तर मी कुणाजवळ बसले असते?"

अप्पा थोडे सरकले आणि तिला भिंतीला टेकायला जागा करून दिली.